खोकला घरी, पप्पा गावाला

पर्वत पाटिया, सुरत

तीर्थस्वरूप पांडूमामांना योगिताचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळे खुशाल आहेत (पत्रात असंच लिहायचं असतं).

तुम्ही सांगितलं होतं, नोटिशीवर सही केली नाही की ती मिळालीच नाही. तुम्ही एकदा साक्षीदार म्हणून तीन दिवस कोर्टात बसला होता, तेव्हापासून आमच्या घरात कायदा म्हणजे तुम्ही. मी घरातली पहिली पदवीधर, पण माझ्या बी.कॉम.चा उपयोग लाइटबिल वाचण्यापुरता. पाकीट फोडू का विचारलं, तर आई म्हणाली, "फोडू नको. पांडूदादानी सांगेल शे, वाचं का लागू व्हस." पोस्टमन दिसला की पप्पा गच्चीवर टाकीमागे. आई सांगायची, गावाला गेलेत. आणि नेमका टाकीमागून खोकला यायचा. चौथ्या खेपेला पोस्टमन म्हणाला, "बेन, भाई गांव गये, खांसी इधर रख के गये क्या?" आणि पाकिटावर शेरा मारून गेला, घेण्यास नकार. (त्या शेऱ्याला कायद्यात सहीइतकीच किंमत असते, हे मला फार उशिरा कळलं.)

मग कोर्टाच्या माणसाने समन्स दारावरच चिकटवलं. आईने त्यावर लक्ष्मीचं कॅलेंडर टांगलं. तारखा होऊन गेल्या. लूमसाठी कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्यांचं तेवढं ऐकून कोर्टाने पप्पांना दिवाळखोर ठरवलं, आणि मागच्या मंगळवारी माणसं येऊन चारही लूमना सील ठोकून गेली. घरही यादीत आहे. दारं-भिंती मोजताना त्यांनी कॅलेंडर मात्र जपून काढलं आणि आईच्या हातात दिलं. आईने त्यांना चहा विचारला.

मी कोर्टात गेले. माझा समज होता, खरं नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात (नागरिकशास्त्रात मला पैकीच्या पैकी होते). कारकुनाला म्हटलं, पप्पांनी एकही हप्ता चुकवलेला नाही. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "सच होगा, बेन. लेकिन तारीख पे हाजिर नहीं था." वकील म्हणतात, हुकूम रद्द करायला अर्ज देता येईल, पण रिकाम्या हातांनी नाही.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
योगिता

ता.क. फायनान्सचं ऑफिस तुमच्या अमळनेरला, म्हणून पप्पा दर महिन्याचा हप्ता तुमच्याच हातात द्यायचे. पावत्या तुमच्याकडे असतील. अठरा तारखेच्या आत घेऊन या, नाहीतर घर जाईल. नसतील, तर 'नाहीत' एवढंच लिहा. नोटीस फोडू नका असं तुम्ही का सांगितलं होतं, ते मी विचारणार नाही.

आणखी एक. माझी दोन रजिस्टर पत्रं तुमच्या दारातून न घेताच परत आली, म्हणून या पाकिटाला हळदकुंकू लावलंय. लग्न कुणाचंच नाही. बोटं आईची आहेत. भावाला बोलावतोय, एवढंच तिला माहीत आहे.