टाइमकीपरची रांग

१७ नोव्हेंबर १९७५, सोमवार
दाक्षायणीच्या छातीत गाठ. लिंबाएवढी. दुखत नाही म्हणते. घाबरण्याचं कारण नाही. मिल पगारातून विमा कापते तो बायकामुलांच्या अशाच वेळेसाठी. विमा दवाखान्याचा डॉक्टर चिठ्ठी देतो, चिठ्ठीवर मोठा सर्जन दर गुरुवारी तपासतो. व्यवस्था उत्तम आहे. उद्याच नेतो.

१८ नोव्हेंबर
नेलं. परत आणलं. दवाखान्याबाहेर रस्त्यापर्यंत रांग, आणि रांगेत सगळे आमच्याच मिलचे बदली कामगार. रोज सकाळी गेटवर हेच लोक, कुणाच्या तरी गैरहजेरीत काम मिळेल म्हणून, माझ्यापुढे रांगेत उभे असतात. बिरप्पा ओरडला, या की टाइमकीपरसायब, आज तुमी मागं उभं ऱ्हावा, हजेरी आमी मांडतो. लोक हसले. दाक्षायणीही हसली. उद्या हे गेटवर माझं ऐकतील का? शिस्तीचा प्रश्न आहे.
निश्चय: रांगेशिवाय काम करायचं.

२६ नोव्हेंबर
दवाखान्यातल्या कंपाउंडर धोंडप्पाला चहाला बोलावलं. म्हणाला, वैनीला मागच्या दारानं आणा की, आपलंच घर हाय. ओळख असली की झालं.

१ डिसेंबर
मागच्या दाराला कुलूप. धोंडप्पा अक्कलकोटला, मेहुणीच्या लग्नाला. माणसाला संसार असतो.

१२ डिसेंबर
धोंडप्पानं शब्द पाळला. बाटली पाठवा म्हणाला, मिक्श्चर भरून दिलं. गुलाबी. म्हणजे उपचार सुरू झाला. गाठ लहान झालेली दिसते. मी पाहिली नाही, ती दाखवत नाही. पण चेहऱ्यावरून कळतं.

४ जानेवारी १९७६
शेजारच्या सुंदरम्मा आल्या होत्या. म्हणाल्या, अवो भाऊजी, मी नेते की तिला, रांगेत उभं राहून कुणाचे पाय तुटत न्हाईत. यांना व्यवस्थेतलं कळत नाही.
डॉक्टरांचा धोंडप्पाकडून निरोप: बाटली नको, पेशंट आणा. आदर दिसतो. नाहीतर निरोप कोण पाठवतो?

१९ जानेवारी
दाक्षायणीचा डावा हात वर होत नाही. चोळीला डाग पडतो. धोंडप्पाशी आज निर्वाणीचं बोललो.

३० जानेवारी
चिठ्ठी मिळाली! मी मिलमध्ये असताना सुंदरम्मांनी तिला नेलं. बिरप्पानं रांगेतली आपली जागा दिली म्हणे. दुपारच्या आत घरी. मी बोललो होतो त्याचाच परिणाम. दाक्षायणीला सांगितलं, सर्जनकडे रांग याहून मोठी असणार. तिथलं मी पाहून घेईन.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सर्जनच्या खोलीबाहेर बाक रिकामं. शिपाई म्हणाला, गुरुवारी असंच असतंय.
सर्जनांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, नोव्हेंबर. दाक्षायणी म्हणाली, नवरात्रापासून, यांना तवाच सांगितलं होतं. त्यांनी तिचं लिहून घेतलं.
मग मला एकट्याला आत ठेवलं. म्हणाले, काखेत पसरलं आहे, फुप्फुसातही असावं. आधी आला असतात तर काढता आली असती. आता चाकू लावून उपयोग नाही.
बाहेर दाक्षायणी बाकावर बसली होती. विचारलं, रांग कुटं हाय?
म्हणालो, आज नाही.

६ फेब्रुवारी
सकाळी गेटवर. पुढे बिरप्पा. नाव मांडायला पेन उचललं. त्यानं विचारलं, वैनी कशा हाइत?
मागून कुणी ओरडलं, सायब, आटपा की. पेन हातातच होतं. रांग थांबून राहिली.