पहिला घण मीच घातला

आबा,

तुमच्या विहिरीच्या पायऱ्या फोडल्या. पहिला घण मी घातला. मागून गेलेलं कुणीतरी तिकडं तुम्हाला अर्धंमुर्धं सांगेल आणि तुम्ही तेवढ्यावरच पेटाल, म्हणून सगळं मीच सांगते. रागवायचं तर पुरतं ऐकून रागवा. तुम्ही होता तोवर तुमच्यापुढं माझी मान कधी वर झाली नाही. आता तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, आणि कुणाचं तोंड बघून बोलायची माझी सवय मोडली. शाळा दुसरीतच सुटली, ती तुम्हीच सोडवली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

तुमची विहीर वाईट होती असं मी म्हणणार नाही. गावातले बाकीचे लोक सरळ खड्डा खणायचे आणि वर एक लाकूड आडवं टाकायचे. तुम्ही काळा पाषाण फोडून थेट पाण्यापर्यंत पायऱ्या उतरवल्या. मी तेव्हा परकरात होते, तुमची भाकर घेऊन यायचे. वरून वाकून बघितलं की तुमचं फक्त पागोटं दिसायचं आणि छिन्नीचा आवाज यायचा. लोक हसायचे, म्हणायचे, एवढ्या वेळात दोन विहिरी झाल्या असत्या. तुम्ही वर न बघताच खालून ओरडायचा, "बाईमानूसना हात दोर वढी वढी सोलाई जातस. तुम्हले काय, तुम्ही फक्त पेतस!" आमची आई हे ऐकून पदराआड हसायची. बायकांसाठी एवढा घाम गाळणारा दुसरा पुरुष मी त्या गावात पाहिला नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ तुम्ही आईला दिली. ती म्हणाली, "गोड शे." तेव्हापासून तिचं नावच पडलं, गोडी विहीर.

पण त्याच विहिरीवर तुम्ही मला मारलंत. मला घाई असायची, अजूनही असते. एकदा मी वरच्या कोरड्या पायरीवरूनच वाकून हंडा बुडवला आणि उचलला. तुम्ही मागंच उभे होता. पाठीत असा दणका दिलात की हंडा गडगडत पाण्यात गेला. "पानी काय तुनी मोलकरीन शे का, वरतीनच हाक मारस? खाले उतर. पाय धोय, हात जोड, मंग भर." मी रडत रडत खाली उतरले, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले, पाय चोळले, हात जोडले. गावात सगळ्यांना तुम्हीच ही रीत लावलीत. धुळीचे पाय घेऊन कुणी पाणी भरत नसे. पाण्यात पाय धुवायचे, मग त्याच पाण्यात हंडा बुडवायचा. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट दुसऱ्या गावची माणसं वरूनच पाणी भरतात म्हणून आपण त्यांना हसायचो.

आणि तुमचा तो पाय. चैत्र लागला की तुम्ही स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेले आहात, घोट्याला फोड, त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा नारू बाहेर आलेला, आणि आई तो बारक्या काडीवर गुंडाळते आहे. रोज थोडासा. तुटला तर पाय सुजून खांब होईल म्हणून ती श्वाससुद्धा दाबून घेते. तुम्ही दात खाता, पण ओरडत नाही. मला म्हणता, "देखस काय? पीठ मय." मी पीठ मळते. आग सहन झाली नाही की तुम्ही काठी टेकत विहिरीवर जाता आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसता. पाण्यात पाय गेला की तुमचा चेहरा सैल पडायचा. तिथं तुम्ही एकटे नसायचा. नारूवाले सगळे तिथंच बसायचे, गप्पा मारत, तंबाखू मळत. दरवर्षी नवे पाय.

नवऱ्यानं दुसरी केली आणि मी बोचकं घेऊन परत आले, तेव्हा तुम्ही ओट्यावरच बसला होता. मी आत पाय टाकायच्या आधी म्हणालात, "पाहुनी म्हनीसन ऱ्हाय. आखाजी व्हयनी का परत जाय." मी पाहुणी म्हणून राहिले, आखाजीचा सण झाला आणि निघाले. सासरी मात्र गेले नाही. धुळ्याला गेले, दवाखान्यात झाडलोटीला लागले. तुम्ही त्यानंतर फार दिवस राहिला नाहीत. शेवटपर्यंत तुम्ही मला नीट घरात घेतलं नाही, हे मी विसरलेली नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना विहिरींचं पाणी तपासायचं होतं. त्यांचे गडी गावात गेले की विहिरीवरच्या बायका हंडे टाकून अंगावर धावून यायच्या, कारण परका पुरुष पाणवठ्यावर कशाला? तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पाणी भरायला पगार देता? आधी द्या, मग हसते. तेव्हापासून माझ्याकडं लाकडी खोकं आलं. आत काचेच्या बाटल्या, ओल्या गोणपाटात बसवलेल्या. बाटलीला दोरी आणि दगड बांधून ती विहिरीत सोडायची. तोंडाला बोट लावायचं नाही. पाण्याखाली गेल्यावरच भरू द्यायची, वरची साय घ्यायची नाही. बूच बसवायचं, गावाचं नाव बांधायचं आणि दिवस मावळायच्या आत धुळ्याला पोचवायची. सोनगीरपासून शिरपूरपर्यंत, खाली पहूरकडंही, किती विहिरींत मी वाकून पाहिलंय! विहिरीत वाकलेली बाई बघून दोनदा लोकांनी मला मागून धरून ओढलं, जीव देते आहे म्हणून. एकीला मी म्हटलं, "माय, जीव द्यायचा तर बाटली कशाला आणू?"

दारूबंदी आली आणि माझी फजिती सुरू झाली. बसमध्ये कंडक्टर विचारायचा, "बाई, खोक्यात काय?" मी म्हणायची, "पाणी." तो म्हणायचा, "सगळे पाणीच म्हणतात." एकदा एका हवालदारानं बूच काढून वास घेतला आणि चव घ्यायला बाटली तोंडाला लावली. मी पिऊ दिलं. पिऊन झाल्यावर म्हटलं, "साहेब, हे नारूच्या विहिरीचं." सगळी बस हसली. तो उतरून रस्त्याच्या कडेला थुंकत बसला. त्यानंतर त्या रस्त्यावर मला कुणी अडवलं नाही. लोक मला बाटलीवाली म्हणतात. म्हणू देत.

नारूचं मला साहेबांनी सांगितलं तेव्हा मी हसले होते. नारू नशिबातून येतो, नाहीतर वातातून, एवढंच मला माहीत. त्यांनी बादलीभर पाणी मलमलच्या फडक्यातून ओतलं आणि फडक्यात उरलं ते काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरलं. बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. म्हणाले, नारूच्या फोडाचा पाय पाण्यात गेला की नारू त्यात पिलं सोडतो, हे ठिपके ती पिलं खातात, माणूस पाण्याबरोबर ठिपके पितो, आणि पुढच्या वर्षी त्याच्या पायातून नारू निघतो. मग त्यांनीच विचारलं, "पण तुमची माणसं पाणी भरायला जातात ना? मग पाय कशाला बुडवतात?" मी ताडकन म्हटलं, "धुतल्याशिवाय कसं भरणार?"

बोलून झालं आणि माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं. मला तुमचा तो दणका आठवला, आणि शेवटच्या पायरीवर बसलेले सगळे पाय आठवले. आबा, तुम्ही गावाला पाणी दिलंत, नारूही तुम्हीच दिलात. जाणूनबुजून नाही, पण दिलात. हे मी तुमच्या तोंडावर बोलले असते. तुम्ही नाही म्हणून कागदावर बोलते.

दिवाळीनंतर मी खोकं घेऊन आपल्या गावात आले. साहेब म्हणाले होते, तुझं माहेर आहे, दुसऱ्याला पाठवतो. मी म्हटलं, दुसऱ्याला विहिरीवरच्या बायका पायऱ्यांवरून ढकलून देतील. बायका पायऱ्यांवर होत्याच. काकू म्हणाली, "बाटलीमा काय भरस व माय? पानी गोड शे ना, मंग वाईट कसं व्हई?" याला काय उत्तर द्यायचं? आपल्याकडं गोड म्हणजेच चांगलं. दुसरा शब्दच नाही. मी फडकं धरलं, पाणी ओतलं आणि बाटली तिच्या डोळ्यांपुढं उन्हात धरली. ती बघत राहिली. मग म्हणाली, "ते तर पह्यलेपसून शे. ते बी जीवच शे ना?" तरी त्या दिवशी तिनं हंडा पदरातून गाळून भरला, मी पाहिलं.

चैत्रात साहेब आले. मारुतीच्या पारावर सगळे जमले. साहेबांनी सांगितलं, पायऱ्या फोडायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, पाण्यात कुणी उतरायचं नाही. माझा धाकटा भाऊ उठला. तुमच्यानंतर घर त्याचं, विहीरही तोच आपली म्हणतो. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "अक्का, आबानी हाडं झिजाडी तठे. तू ती विहीर मोडशी तर आखाजीले तुले घेवाले मुराळी येवाव नई. आनि पितरसनी घागरमा मी आबाले कोनतं पानी दिसू, तेबी सांगी जाय."

मला माहीत होतं तो बोलेल तसं करेल. त्याच्यात तुमचंच रक्त. नवरा नाही, मूलबाळ नाही. वर्षातून एकदा आखाजीला भाच्याला मुराळी करून तो मला न्यायला धाडायचा. चार दिवस मी माहेरवाशीण असायची, झोक्यावर बसायची, या वयातसुद्धा, बायका गाणी म्हणायच्या. बाकी वर्षभर मी बाटलीवाली. तेवढं एक माझं होतं, आणि ते त्यानं पारावर मांडून ठेवलं.

मी म्हटलं, "मुराळी नको धाडू. पायऱ्या फुटतील."

तोवर पारासमोरच्या आपल्या घराच्या दारातून वहिनीचा आवाज आला. तुम्ही तिला सून करून आणलीत तेव्हा ती हरणासारखी चालायची. आता फाल्गुन उलटला की तिचा पाय जातो, पेरणीपर्यंत ती ओट्यावरून उठत नाही. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती. "माले चालता येत नई, त्या पायऱ्यासले काय चाटू?" सगळे खाली बघायला लागले. धाकटा तिच्यावर ओरडला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

फोडायला वडार आले, पण पहिला घाव कुणी घालेना. आबाचा कोप होईल, म्हणाले. मी पदर खोचला, खाली उतरले आणि घण उचलला. पाय धुतले नाहीत, हात जोडले नाहीत. पहिल्या घावाला ठिणगी उडाली आणि दगडाला ओरखडासुद्धा पडला नाही. दुसऱ्यालाही नाही. वडार वरून हसला, "बापानं बसवलंय, लेकीनं हलत नाही." मी म्हटलं, "लेक पण त्याचीच आहे." तिसऱ्या घावाला चिरा हलला. मग ते लोक उतरले. तुमची पायरी फुटेपर्यंत त्यांचाही घाम निघाला. तुमचं काम चोख होतं, आबा. असं चोख काम फोडताना मला वाईट वाटलं का? वाटलं. थांबावंसं वाटलं का? नाही. आता रहाटावर बायकांचे हात सोलतात आणि त्या मला शिव्या देतात. देऊ देत. हाताची साल परत येते. वहिनीचा पाय येईल की नाही, ते पुढच्या चैत्रात कळेल.

परवा आखाजी झाली. मुराळी आला नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, मला न्यायला येणार आहेत, मी कामावर नाही. खोटं सांगितलं. तरी नवं लुगडं नेसले, बोचकं बांधलं आणि दार उघडं टाकून उंबऱ्यापाशी बसले. गल्लीतनं येणारं प्रत्येक पोरगं आपल्याकडंच वळेल असं वाटत होतं. मग उठले, कुंभाराकडून घागर आणली आणि तुमच्या नावानं भरून ठेवली. मुलींनी ठेवायची नसते म्हणतात. ठेवली. पाणी नळाचं होतं, त्याला औषधाचा वास येतो. फडक्यानं गाळूनही घेतलं. गोड नव्हतं. प्यायलात की नाही, तुमचं तुम्ही बघा.

हा कागद कुठं धाडायचा नाही. उद्या शिरपूरकडं जायचंय, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून खोक्यात मध्ये कोंबायला काहीतरी लागतंच. मुराळीची वाट मी उन्हं कलेपर्यंत पाहिली, हे मात्र धाकट्याला कुणी सांगू नये. तुम्हीसुद्धा.