न दिलेला विडा

८ सप्टेंबर
माणूस गेल्यावर नेमका कुठे राहतो? मला सांगता येणार नाही. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी आज जयगडला एसटीतून उतरल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते हेच, बाबा, मी पोचले. कृषी खात्यातली पहिली नेमणूक. घरातली पहिली पदवीधर मी. त्यासाठी बाबांनी मुंबईत वीस वर्षं वॉचमनकी केली.

खोली छान आहे. खिडकीतून खाडी दिसते. घरमालकीण मथुराकाकींनी आल्याआल्या कुळथाची पिठी आणि भात वाढला. त्यांचे यजमान रावजीकाका पूर्वी होडी चालवायचे, आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांची एकुलती लेक तेजस्वी पाच वर्षांपूर्वी तापाने गेली. काकी तिच्याविषयी अशा बोलतात, जणू ती शेजारी विरजण आणायला गेलीय.

रोज बाबांची एक आठवण इथे लिहायची, असं ठरवलंय. आजची: शिमग्याला आले की आधी माझ्या वह्या मागायचे. वाचता येत नव्हतं, तरी एकेक पान उलटून बघायचे.

१० सप्टेंबर
भातावरच्या करपा रोगाची पाहणी केली. बाबल्या नावाच्या शेतकऱ्याने विचारलं, की दर्शना मॅडम, बांधावर येणार की मोबाइलवरच करपा बघणार? मी चपला काढून चिखलात उतरले. सगळे हसले, मीही.

उद्या पितृपक्षातली पंचमी, लग्नाआधी गेलेल्यांची. तेजस्वीच्या नावाने जेवायला तिच्याच वयाची मुलगी हवी होती. काकींनी विचारलं, मी लगेच हो म्हटलं. एवढ्याने कुणाचं दुःख हलकं होत असेल तर का नाही?

बाबा: लाकडं फोडताना तोंडातल्या तोंडात भजन म्हणायचे.

११ सप्टेंबर
आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांची उसळ, तेजस्वीला आवडायची ती खीर. पोटभर जेवले. जेवण झालं की विडा हातात देऊन पितराला निरोप देण्याची रीत आहे. काकींनी विडा दिला नाही. विसरल्या असतील.

बाबा: भरतीच्या वेळी होडी सोडताना मला पुढे बसवायचे.

१३ सप्टेंबर
परवाची शेवटची ओळ आत्ता वाचली. माझे बाबा होडीत कधी बसलेच नाहीत. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे.

फार थकवा आलाय. पाहणीचे कागद तसेच पडून आहेत. बाबांचा आवाज आठवायला बसले, तर रावजीकाकांचाच ऐकू येतो.

१५ सप्टेंबर
काकींना विड्याचं विचारलं. त्या अळू चिरत होत्या. म्हणाल्या, "निरोप परक्याला देतात गो. लेकीला कसा देऊ?"

रागावल्या नाहीत. त्याही दमलेल्या दिसल्या. मग माझ्या केसांना तेल लावलं. मी लावू दिलं.

१७ सप्टेंबर
घरी जायला बॅग भरून एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, तिकीट कुठलं देऊ. गावाचं नाव आठवेना. मागची माणसं खोळंबली. आईला फोन करून विचारता आलं असतं — तेही सुचलं नाही. उतरले.

काका पायरीवर बसले होते. "आलीस तेजू?"
हो म्हटलं.

१९ सप्टेंबर
पहिली पानं वाचली. वह्या उलटणारा माणूस — अक्षर माझं आहे. डोळ्यांपुढे कुणी येत नाही.

आईचा फोन आला. तिने आधी विचारलं, कोण बोलतंय? आवाज ओळखला नाही. काकींनी तिला परस्पर अमावास्येला बोलावलंय, त्यांच्या सासूच्या नावाने जेवायला. आई हो म्हणाली. उद्या दुपारच्या गाडीने —

२० सप्टेंबर
बाबा आता फक्त आईपाशी उरलेत. ती इथे जेवली तर —

येऊ नको म्हटलं तर घाबरून धावतच येईल. म्हणून सकाळी फोन केला. म्हटलं, मी मथुराकाकींची तेजू बोलतेय. तुमची दर्शना कालच इथून निघाली, घरी येतेय. तुम्ही कुठे जाऊ नका.

आईचा आवाज एकदम हलका झाला. जेवली का ती निघताना, विचारलं. मग म्हणाली, "बरं हो बाय. वाट बघते."

फोनमधलं कार्ड काढून खाडीत टाकलं.

बोलताना वाटत होतं, मी खोटं बोलतेय. आता त्या घरी निघालेल्या मुलीचं नाव पुन्हा लिहायला घेतलं, तर —