मामंजी मेंढरू झाले त्याची हकीगत

प्रिय वन्सं यांस,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. तुमचा दमा कसा आहे आणि भावोजींनी दाढ काढून घेतली की अजून नुसतेच गाल धरून बसतात, ते आधी कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (किती ठीक ते पुढे येईलच.)

गेल्या सोमवारी आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मुख्य कचेरीकडून पार्सल आलं. त्यात कथाकथनाची पुस्तिका एक, कापडी चित्रं बारा, मेंढीचे कापसाचे कान दोन आणि शिट्टी एक. टपालखर्च आमच्याकडून वसूल केला, तेवढ्यात आठवड्याचं तेल आलं असतं. नवी पद्धत अशी की शास्त्रातली गोष्ट आपण सांगून मोकळं व्हायचं नाही, ऐकणाऱ्यांनी ती करून बघायची. सांगणारीने मध्येच थांबून "आता तुम्ही काय कराल?" असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. (मग शिट्टी कशाला, ते पुस्तिकेत नाही.) चर्चमधल्या महिला मंडळासाठी हे काम पाळकीणबाईंनी माझ्या गळ्यात घातलं, कारण मी मॅट्रिक. पहिली गोष्ट शनिवारी दुपारी, हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याची: शंभरातलं एक हरवतं, मेंढपाळ ते शोधून खांद्यावर घेऊन येतो.

मामंजींचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगायचा. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, अजूनही साखरेची पुडी सोडली की आधी कागदावरच्या चुका काढतात, मग साखर डब्यात. पुस्तिकेत त्यांना सात सापडल्या. आठवी माझ्या बोलण्यात सापडेल म्हणून ते शनिवारी मंडळात येऊन बसले. ह्यांचं आणि त्यांचं अकरा महिने बोलणं नव्हतं, हेही तुम्हाला माहीत आहे. मामंजी सायकलवरून पडले, ते दवाखान्यात असतानाच सायकल भंगारवाल्याकडे गेली, तेव्हापासून. दोघं समोरासमोर जेवायला बसणार आणि "त्याला म्हणावं मीठ सरकव," "त्यांना म्हणावं सरकवलं," आणि मध्ये मी. एवढं बोलणं इकडून तिकडे वाहून माझाच घसा बसायचा.

मंडळात एकोणीस बायका. मेंढपाळ व्हायला सगळ्या तयार, उरलेल्या नव्व्याण्णवांत बसायला तर त्याहून तयार, पण हरवायला कोणी पुढे येईना. तेव्हा मामंजी उठले आणि कान त्यांनी आपल्या हाताने बांधून घेतले. "मेंढपाळ तुझा नवरा," म्हणाले. मी म्हटलं, मामंजी, ते दुकानात आहेत, गिऱ्हाइकाचा कोट आजच द्यायचाय, त्यांच्या जागी मी येते शोधायला. "पात्र बदलता येत नाही, नियम पाचवा. आणि मेंढरू आपणहून परत येत नाही, नियम सहावा." एवढं बोलून गेले. बायका हसल्या. मला हसू आलं नाही, कारण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

दहा मिनिटं आम्ही मजेत शोधलं. वेदीमागे, बाकांखाली, अगदी गायकांच्या झग्यांच्या कपाटात. वीस मिनिटांनी मजा संपली. मागच्या अंगणात विहिरीचं झाकण अर्धं सरकलेलं होतं आणि कठड्याशी मामंजींच्या चपला होत्या, जोडीने, नीट लावून ठेवलेल्या. मी हाक मारली. पाण्यात माझाच आवाज फिरून आला. वन्सं, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी लिहीत नाही. पाळकीणबाईंनी एकीला दुकानात पिटाळलं आणि चर्चच्या माळ्याने दोराला गळ बांधून विहिरीत सोडला. दोर संपत आला तरी गळ तळाला लागेना.

हे धावत आले ते अनवाणी, गळ्यात टेप, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. कठड्यावर वाकून "बाबा" म्हणाले. अकरा महिन्यांनी.

आणि डोक्यावरून उत्तर आलं, "वर बघ. त्या दाखल्यात विहीर नाहीच."

घंटेच्या मनोऱ्याच्या खिडकीत कापसाचे दोन कान. मनोऱ्याचं दार विहिरीला लागूनच आहे, पण त्याला कायम कुलूप, म्हणून तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. (त्या दिवशी घंटावाला कुलूप लावायला आणि माळी विहिरीचं झाकण लावायला विसरला होता; शिडी चढायची म्हणून मामंजींनी चपला बाहेर काढल्या होत्या.) कोणी हसलं, कोणी रडलं, पाळकीणबाईंनी दोन्ही केलं. पण संकट टळलं नव्हतं. चढताना शिडीची तिसरी पायरी मोडली होती आणि मामंजींचे गुडघे उतरायला नाही म्हणत होते. हे वर गेले. अर्धा तास दोघं वरच होते. मग मामंजींचा आवाज, "बगलेत नाही, खांद्यावर. तसं स्पष्ट लिहिलंय." ह्यांची कंबर तुम्हाला ठाऊक आहे. खाली एकोणीस बायका चादर ताणून उभ्या, आणि शिडीवर हे एकेक पायरी चाचपत रडतायत आणि खांद्यावरून सूचना येतायत, "डावा. आता उजवा. घाई नको."

पुस्तिकेत शेवटचा प्रश्न होता, मेंढरू हरवलं कसं? मी तो विचारला. विचारायला नको होता. मामंजी म्हणाले, "ते आम्हा दोघांत मिटलं. हा म्हणाला, सायकल मी विकली, चुकलो. मी म्हटलं, बरं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे माझ्याकडे बघेनात.

आता ह्यांची कंबर धरलीय. दोघं एकाच खोलीत पडून असतात आणि दिवसभर बोलतात. माझ्या घशाला आराम आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. पाळकीणबाईंनी पद्धत चालू ठेवायला सांगितलं आहे, फक्त माशाच्या पोटात गेलेल्या योनाची गोष्ट घेऊ नका म्हणाल्या.

आणखी ता. क. सायकल ह्यांनी विकली नाही, मी विकली. मामंजी पुन्हा पडतील या भीतीने मीच भंगारवाल्याला हाक मारली, ह्यांना संध्याकाळी कळलं. "तुला दिवसभर त्यांच्यासोबत घरात राहायचंय, मी तर दुकानात असतो," असं म्हणून ह्यांनी ते स्वतःवर घेतलं, आणि अकरा महिने मी घेऊ दिलं. आता तर ह्यांनी माफीही माझ्या वाटची मागितली. मी पुढच्या बुधवारी जेवणानंतर मामंजींना सांगणार आहे. त्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी बसलेल्या असाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. येता की नाही ते उलट टपाली कळवा. नाही आलात तरी मी सांगणारच आहे, पण तुम्ही याच.