वरचा मजला ताईच्या पायांना

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंद्याने सुतार, एका जागी टिकत नाही म्हणून घरी-दारी ‘भिंगरी’ या नावाने ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीत, कुणी भरीस न घालता, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शाळा सातवीत सोडली. अक्षर वाकडं आहे, मन नाही.

कारण असे की इथे परगावी आम्ही उंच इमारतींच्या बांधकामावर काम करतो. गेल्या महिन्यात शेजारचा पाळणा, म्हणजे दोरांवर टांगलेली उभं राहायची फळी, एका बाजूने सुटला. त्यावरचा जोडीदार दोराला लोंबकळून वाचला. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, तू काही परत येत नाहीस, वरचा मजला माझ्या दुकानाच्या मालाला लागेल. तेव्हा ध्यानात आलं, मी पडलो तर त्या मजल्यावरची ताईची नृत्यशाळाही पडेल.

कलम १. वडिलांनी वाटणी केली तेव्हा खालचा मजला दादाला, वरचा मला दिला. ताईला काही नाही, कारण म्हणे मुलगी आज इथे, उद्या तिथे. प्रत्यक्षात आज इथे उद्या तिथे मी झालो, आणि ताई जागेवर राहिली. सबब माझा वरचा मजला, जिना आणि गच्चीच्या किल्लीसकट, माझ्या पश्चात एकट्या ताईचा. तिथे तिने शाळा चालवावी, नाहीतर कपडे वाळत घालावेत. कुणी हक्क सांगू नये. दादाने तर नाहीच.

कलम २. असं का, हे कुणी विचारलंच तर. ताई नऊ वर्षं मोठ्या बाईंच्या नाचाच्या वर्गात शिकवत होती. पाटीवर नाव बाईंचं, लहान मुलींचे पाय ताईच्या हाताखाली. एका कार्यक्रमात बाई समोर बसून ताल देत होत्या आणि सगळ्या मुली माना वळवून पडद्याआड उभ्या ताईकडे बघत होत्या. बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “शाळा काढायला नाव लागतं, पोरी.”

ताई म्हणाली, “आधी पाय लागतात, बाई.” आणि पिशवी उचलून घरी आली.

बाईंवरचा माझा राग मी कुणाच्या नावे करत नाही. तो बरोबर नेतो.

मग एका गॅरेजात चार मुलींवर सुरुवात. खाली सिमेंट. संध्याकाळी ताईचा गुडघा फुगायचा, घरचा जिना ती बसत बसत चढायची.

कलम ३. वरच्या मजल्याची लाकडी जमीन मी घातली. पहिल्यांदा चुकलो. आमच्या धंद्यात जमीन हलली की सुताराची अब्रू गेली, म्हणून एकेक फळी खालच्या काँक्रीटला घट्ट ठोकली. ताईने एकच टाच मारली.

“मेली आहे रे ही. उचल.”

दोन दिवस मी रागाने वर फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी सगळी उखडली, खाली पट्ट्या आणि रबराचे तुकडे देऊन पुन्हा घातली, उडी झेलेल आणि परत देईल अशी. ताई तासभर नाचली आणि जिना धडाधडा उतरून गेली. पुष्कळ कामं केली, सांगण्यासारखं ते एक. आज तिथे साठ पोरं-पोरी शिकतात. पाटीवर नाव फक्त ताईचं. जमिनीवर पाणी ओतू नये, फडकं पिळून पुसावं.

कलम ४. पहिलं वर्षभर दादा खालून छताला काठी ठोकायचा. आता त्याची लेक दुसऱ्या रांगेत असते, आणि हा रविवारी जिन्यात उभा राहून बघतो. कुणी आलं की दिवा तपासल्यासारखं करतो. मी केलेली हातांची खुर्ची दादाला देतो. अट एकच, ती वर्गात ठेवावी आणि त्याने तिच्यावर बसावं. मालाचं त्याने खाली बघावं.

कलम ५. माझी हत्यारं शाळेतच राहतील. खिडकीखालची शेवटची फळी मी मुद्दाम स्क्रूशिवाय ठेवली आहे, काम राहिलं की माणूस परततो म्हणून. ताई अजून कुणाला तिच्यावर पाय ठेवू देत नाही. मी आलो तर फळी बसवीन आणि हा कागद फाडीन. नाही आलो, तर चार स्क्रू खिडकीच्या चौकटीवरच्या डबीत आहेत. ताईने स्वतः आवळावेत. त्या दिवशी वर्ग बंद ठेवू नये. पहिली उडी तिची, त्याच फळीवर.

साक्षीदार: १) आमचा क्रेनवाला. २) मेसचा आचारी. हा म्हणाला, घर काय नाचाच्या शाळेला देतात? मी त्याला फोनवर ताईचा वर्ग दाखवला. शेवटपर्यंत बघितला, मग त्यानेच पेन मागितलं.

ठिकाण: कामगारांची खोली, वरचा पलंग
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार
सही: भिंगरी