लेस काढलेला फ्रॉक

आप्पा, तुमची नात आता सहा वर्षांची झाली. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, पण तुमची तिची ओळख करून द्यावी लागली नसती असं मला हल्ली वाटतं. कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून पलंगाखाली शिरते. कपड्याची शिवण टोचते म्हणून रडून लाल होते. सासूबाई म्हणतात, "लाडावून ठेवलीस. चार लोकांत ने, म्हंजे सवय लागंल." यंदा जयंतीच्या मिरवणुकीत तिला न्यायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं, तेव्हापासून मी तो विषय टाळते आहे.

कारण मला तुम्ही आठवता. जयंतीआधी विहार तुम्ही झाडायचात, पताका तुम्ही लावायचात, आणि स्पीकर सुरू झाला की आतल्या खोलीत डोक्यावर गोधडी घेऊन बसायचात. पोरं दारात येतात, "काका, चला ना. झेंडा कोण धरल?" आई म्हणते, "ताप हाय त्यांना." दर वर्षी तोच ताप. हा कंपनीत लागला नि आपल्या माणसांना विसरला, असं आपल्या दासगावात बोललं जायचं. गर्दी जमायच्या आत, पहाटेच सायकलवरून महाडला जाऊन तुम्ही चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावून यायचात, हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं. मला तुमची लाजच वाटायची.

परवा महाडला डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, हे नाटक नाही, आवाज आणि स्पर्श तिला आपल्यापेक्षा खरोखरच जास्त लागतो. का, तर थोडं रक्तातून येतं आणि थोडं भोवतालातून. ती दिवस भरायच्या आत झाली, काचेच्या पेटीत यंत्रांच्या आवाजात राहिली, त्याचाही वाटा असेल. कशाचा किती, हे एकेका मुलाबाबत कोणाला सांगता येत नाही. मी बिरवाडीच्या आमच्या खोलीचं विचारलं, तो कारखान्याचा भोंगा, दारावरून जाणारे टँकर. "त्यानेच झालं असं नाही," त्या म्हणाल्या, "पण मुळात असेल तर अशा ठिकाणी जास्त त्रास होतो." मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं आहे का. "आमच्यात कोण नाय," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी लेकीच्या चपला शोधायला खाली वाकले.

तेव्हापासून तोच विचार डोक्यात आहे. आजी सांगायची, तान्हे असताना तुम्ही कोणाच्या मांडीवर टिकत नव्हतात. पुढे सगळा जन्म कंपनीच्या बॉयलरशेजारी, त्या आवाजात गेला. तुम्ही मुळातले किती आणि बॉयलरने केलेले किती, आता कोण उकलणार? आणि माझ्या लेकीला हे मी दिलं की त्या पेटीने, याचा जीवाला लागलेला घोर डॉक्टरबाईंच्या बोलण्याने कमी झाला नाही.

काल तिचा जयंतीचा पांढरा फ्रॉक घेतला आणि ब्लेडने गळ्याची लेस उसवायला बसले. हात चालत असताना तुमचा हात दिसला. माझाही असाच पांढरा फ्रॉक, आणि तुम्ही दाढीच्या ब्लेडने त्याची लेस काढताय. आई चिडलेली, "नवा कोरा फ्रॉक नासवलात." तुम्ही एवढंच म्हणालात, "टोचतंय तिला." मी तर तोंडातून शब्द काढला नव्हता. तेव्हा वाटलं, हाही तुमचा तऱ्हेवाईकपणाच.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुणी शिकवलं हे?"

"आप्पांनी. ते असेच होते. त्यांना आवाज सोसायचा नाही."

त्यांनी उसवलेली लेस उचलून बोटांवर घेतली. "आनि तू गो?"

मी धागे गोळा करायला लागले.

जयंतीला पहाटे मी लेकीला तळ्यावर नेणार आहे, गर्दी व्हायच्या आत. मिरवणूक दारात आली की तिला ताप आहे असं सांगणार नाही, खरं काय ते सांगेन. सासूबाईंच्या प्रश्नाला मात्र उत्तर दिलेलं नाही. साडीच्या पदराआड पोलकं मी कायम उलटं घालते, आप्पा, शिवण बाहेर करून. इतक्या वर्षांत हे मी नवऱ्यालाही कळू दिलेलं नाही.