वहिनीच्या यंत्रावरचे रीळ

अविधवा नवमी, १९५४
वहिनी गेल्यानंतरची पहिली नवमी. सवाष्ण जेवून, ओटी घेऊन गेली. पाने उचलेपर्यंत दादाची छबी नाहीशी. सापडली ती वहिनीच्या शिवणयंत्रापुढे, पाटावर बसलेली. आई मागच्या रविवारपासून परकर शिवते आहे, यंत्र उघडेच होते. छबीने बोट केले. "आत्तू, आई डोलतेय."
मी म्हटले, ते रीळ आहे.
"हो. आई."
दादा दारातच उभा होता. त्याने ऐकले.

२३ सप्टेंबर
दादाचे पुन्हा ठरले. मुलगी मुलुंडची, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त. आज आईला म्हणाला, "पोर हे असं बरळत राहिली, तर मी तिला रत्नागिरीला आजोळी धाडतो. नवीन माणूस घरात येणार, ते काय म्हणेल?"
"धाड हो. आई गेलीच आहे, आता बापही जाऊ दे."
तो न जेवता उठला. छबी चार वर्षांची. आजोळी आहे कोण? अंथरुणाला खिळलेली आजी. मी हे बोलायला हवे होते. महाविद्यालयात पहिली येणाऱ्या मुलीला स्वतःच्या घरात वाचा का फुटू नये?

२६ सप्टेंबर
आज यंत्र शांतपणे पाहिले. गूढ काही नाही. रिळाचे भोक मोठे. ज्या खिळीवर ते बसते ती बारीक, शिवाय किंचित वाकलेली. दोरा ओढला जाताच रिळाचा तोल जातो आणि ते खिळीवर आपटते. टुक् टुक्, जरा थांबून पुन्हा टुक्. वहिनी शिवत असली की छबी याच आवाजावर तिच्या पायाशी झोपी जाई. म्हणजे डुगडुग थांबली की छबीची आई डोलायची थांबेल. मग दादाला काही म्हणायला जागा...

१ ऑक्टोबर
पकडीने खिळी सरळ केली. जुन्या काळ्या टोपीतून बनातीची चकती कापली, मधे भोक पाडून रिळाखाली बसवली. खिळीला कागदाची पट्टी गुंडाळली.
आई: "अगं, तुझ्या वडिलांची टोपी ती! बरं, असू दे. जन्मात कुणाचं ऐकलं नाही त्यांनी, टोपी तरी कामाला येऊ दे."
टीप सुरेख पडली. आवाज नाही. छ. रडेल असे वाटले होते. रडली नाही. चकतीकडे मात्र बराच वेळ पाहत राहिली.

खंडेनवमी
यंत्राला हळदकुंकू, झेंडूचे फूल. आज ते चालवायचे नाही. दुपारी मी शेजारच्या खोलीत वाचत होते. कारखान्यातल्या बिस्किटांचा वास खिडकीतून येत होता. आणि टुक् टुक्. टुक्.
गेले. चाक स्थिर होते, रीळ डोलत होते. मालगाडी गेली असावी. रूळ जवळ आहेत, आरसासुद्धा थरथरतो. पण रिळाखाली चकती नव्हती. खाली पाटावर होती, तिच्यावर कुंकवाचे बोट.
"मी कशाला काढू?" आई म्हणाली. छ.ला पाटावर उभे करून पाहिले. हात रिळापर्यंत पोहोचत नाही.

९ ऑक्टोबर
नवी चकती. या वेळी गोंदाने चिकटवली. कागदाऐवजी खिळीला दोऱ्याचे घट्ट वेढे दिले. रीळ फिरते, हलत मात्र नाही. आता कोणीही काढून दाखवावे. (हे 'कोणीही' मी कोणाला उद्देशून लिहिले?)

कोजागिरी
छ. यंत्राकडे फिरकतही नाही. दादाने तिला आज कितीतरी दिवसांनी मांडीवर घेतले. मला म्हणाला, "सुमे, जिंकलीस गं. राहू दे पोर इथेच." मुलुंडलाही तसे कळवले. आईने डोळे पुसले. दूध आटवताना मीही जरा रडून घेतले.
छ. दिवसभर माझ्या मागे मागे.

१३ ऑक्टोबर
दुपारी तर्कशास्त्राचे पुस्तक घेऊन बसले. छ. पाट ओढत आली, माझ्यापुढे मांडून बसली. तोच पाट. यंत्रापुढे बसायची तशीच मान कलती.
"काय बघतेस?"
ती नुसती हसली.
तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई: "सुमे, रीळ पुन्हा सैल झालं वाटतं? आवाज येतोय."
माझ्या डाव्या हाताचे बोट पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पडत होते. टुक् टुक्, जरा थांबून टुक्. मूठ मिटली. छ. न कंटाळता वाट पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबांना नाही सांगायचं."
"असं कोण म्हणालं?"
तिने माझ्या डाव्या मनगटावर हात ठेवला.

१४ ऑक्टोबर
ओल्या फडक्याने गोंद सुटेल. चकती काढली, खिळी पूर्ववत् वाकवली, तर जे तिथे होते ते कदाचित तिथेच परत जाईल. पण मग छ. पुन्हा यंत्रापुढे बसेल, आणि दादा तिला रत्नागिरीला धाडेल. एकदा दिलेला शब्द तो दुसऱ्यांदा द्यायचा नाही.
फडके भिजवून यंत्रावर ठेवले आहे. छ. उंबऱ्यात बसली आहे. यंत्राकडे पाहत नाही. आज अक्षर वेडेवाकडे येते आहे. लिहिणारा हात ठीक आहे. वही ज्या हाताने धरली आहे तो